बेटकास्टिंग रिळाचं हँडल बदलायचंय: किती लांब घ्यावं, भोक कुठलं, नॉब कसा?

खाडीवेडा
शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. कुंडलिकेच्या खाडीत जिताड्यासाठी लो-प्रोफाईल बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं बुटकं रीळ) वापरतो. उजव्या हाताचं रीळ, गिअर रेशो ७.३ (हँडलच्या एका फेरीत स्पूल, म्हणजे दोरीचं चाक, ७.३ वेळा फिरतं), ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर (टोकाचा तुकडा). मागच्या उधाणाला होडीतून जेट्टीवर चढताना रॉड पायरीवर आपटला आणि हँडलची पट्टी वाकली. आता प्रत्येक फेरीत एका बाजूचा नॉब (हँडलच्या टोकाची मूठ) स्टार ड्रॅगच्या, म्हणजे दोरी किती ओढीला सुटावी ते ठरवणाऱ्या चांदणीसारख्या चाकाच्या, पाकळीला घासून जातो. आतलं सगळं शाबूत आहे, गिअर मऊ फिरतात, ड्रॅगही नीट सुटतो.

हँडल बदलायचंच आहे तर जरा दमदार बसवावं असं डोक्यात आहे. जिताडा गळाला लागला की पहिल्या झटक्यात तिवरांच्या मुळांत घुसतो. तिथे त्याला वळवायला हातात जोर हवा. ऑनलाईन बघतोय तर ९५, १००, ११०, १२० मिमी, शिवाय एकाच नॉबचे पॉवर हँडल, कार्बन, अॅल्युमिनियम, स्टील... दुकानदार म्हणतो, जेवढं लांब तेवढं चांगलं. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही. जाणकारांनी मदत करावी.


वाशिष्ठीकाठ
शनिवार, रात्री ९:४५

लांबी नंतर बघू. आधी भोक बघा, कारण ते चुकलं तर बाकी सगळं फुकट.

हँडल ज्या दांड्यावर बसतं त्याच्या दोन बाजू सपाट तासलेल्या असतात आणि दोन गोल. हँडलच्या भोकाचा आकारही तसाच. बाजारात प्रामुख्याने दोन मापं चालतात. शिमानोच्या लो-प्रोफाईल रिळांना ७×४ मिमी, आणि दाइवा व आबू गार्सियाच्या रिळांना ८×५ मिमी. मोठ्या, जाड मापाच्या रिळांत अपवाद निघतात, म्हणून कंपनीच्या नावावर विसंबू नका. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) लावा आणि दांडा मोजा. हँडलचं भोक मोजू नका, ते वापरून झिजलेलं असतं आणि माप मोठं दाखवतं.

उघडताना: नटावर जी छोटी टोपी आहे तिचा स्क्रू आधी काढा, मग टोपी, मग पान्याने नट. स्क्रू बारीक असतो, खाली पांढरा कपडा अंथरा. तुमचं उजव्या हाताचं रीळ आहे म्हणजे नट नेहमीसारखा डावीकडे फिरवून सैल होईल. डाव्या हाताची रीळं वापरणाऱ्यांनी मात्र जपा. त्यांतल्या बऱ्याच रिळांत आटे उलटे असतात. जोर लावून चुकीच्या बाजूला फिरवलंत तर पितळी दांड्याचे आटे मरतात, आणि मग हँडल नाही, अख्खा ड्राईव्ह शाफ्ट बदलावा लागतो. नवं हँडल मागवतानाही उजवं की डावं ते सांगून मागवा. पट्टी एकच असली तरी सोबत येणारा नट वेगळा असतो.


मरळप्रेमी
शनिवार, रात्री १०:२०

मी सरळ ११० सुचवेन. धरणाच्या कडेला पाणवनस्पतींत फ्रॉग (बेडकासारखं नकली आमिष) टाकून मरळ काढतो. मरळ घेतली की ती लगेच झाडोऱ्यात शिरून गुंडाळून घेते, मग एक किलोची मरळ आणि दोन किलो शेवाळ असं एकत्र ओढावं लागतं. मूळचं ८५ मिमीचं हँडल होतं तेव्हा बोटं अक्षरशः घसरायची. ११० लावल्यापासून तो त्रास संपला. तिवरांतल्या जिताड्यालाही हेच लागू पडेल असं वाटतं.


भोसरीचा_टर्नर
शनिवार, रात्री ११:०५

खाडीवेडा, तुम्हाला जे पटत नव्हतं त्याचं गणित मांडतो. सोपं आहे, वहीत करून बघा.

पहिली गोष्ट, दोन नॉबच्या हँडलची लांबी म्हणजे एका नॉबच्या मध्यापासून दुसऱ्या नॉबच्या मध्यापर्यंत. म्हणजे ९० चं हँडल असेल तर प्रत्यक्ष कामाला येणारा हात ४५ मिमीचाच. एका नॉबचं हँडल मात्र दांड्याच्या मध्यापासून नॉबच्या मध्यापर्यंत मोजतात. त्यामुळे ७० मिमीचं सिंगल हँडल हे १४० च्या डबल हँडलइतकं लांब आहे. जाहिरातीत हे दोन आकडे शेजारी छापलेले असतात आणि लोकांना वाटतं ७० म्हणजे छोटं.

आता तुमचं रीळ. स्पूल भरलेला असताना व्यास ३४ मिमी धरू. एका वेढ्यात साधारण १०७ मिमी दोरी. गुणिले ७.३, म्हणजे हँडलच्या एका फेरीत ७८ सेंमी दोरी आत येते. त्याच फेरीत ९० च्या हँडलवर तुमचा हात २८ सेंमी फिरतो. हात २८ चालला आणि दोरी ७८ आली, म्हणजे हातात जेवढा जोर लावाल त्याच्या जेमतेम ३६ टक्के दोरीवर पोहोचतो. घर्षणात जातं ते वेगळंच.

१०० चं हँडल लावलं तर ४० टक्के. ११० ला ४४. १२० ला ४८.

आता यातली खरी गंमत. तेच रीळ ६.२ गिअरचं असतं तर एका फेरीत ६६ सेंमी दोरी आली असती आणि ९० च्याच हँडलवर जवळपास ४३ टक्के जोर मिळाला असता. म्हणजे ७.३ च्या रिळाला १०५-१०६ चं हँडल लावलं की हाताला ते ६.२ च्या रिळासारखं लागतं, आणि तरीही एका फेरीत दोरी पूर्ण ७८ सेंमी येते. जलद रिळाचा जोर असा हँडलच्या लांबीतून परत मिळवता येतो. नट सुटत नसला की आपण लांब पाना घेतो, तेच हे.

पण फुकट काही नाही. लांब हँडलवर हाताला मोठं वर्तुळ काढावं लागतं. ९० वर २८ सेंमीचा घेर, ११० वर साडेचौतीस. सारख्याच वेगाने हात चालवलात तर फेऱ्या कमी पडतात. मासा तुमच्या दिशेने पळत आला आणि ढिली दोरी पटापट गुंडाळायची वेळ आली की हा फरक जाणवतो. जिताडा उडी मारतो तेव्हा तर ढील अजिबात परवडत नाही.

त्यामुळे मरळप्रेमींचं ११० मला चूक वाटत नाही, त्यांच्या कामाला ते योग्यच आहे. त्यांची दोरी जाड, कास्ट जवळचा, आणि मासा झाडोऱ्यातून सरळ ओढून काढायचा. खाडीत ल्युअर (नकली आमिष) दिवसभर फेकत-ओढत बसायचं असतं. तिथे मी १०० वर थांबेन, फार तर १०५.


मरळप्रेमी
रविवार, सकाळी ७:३०

टर्नरदादा, हिशेब पटला. माझं रीळ ८.१ चं आहे, म्हणून मला ८५ वर एवढा त्रास व्हायचा तर! तुमच्या हिशेबाने ८.१ वर ११० म्हणजे साधारण ४० टक्के, म्हणजे खाडीवेडांच्या ७.३ वर १०० लावल्यासारखंच झालं. वेगवेगळे आकडे सांगत होतो पण हातात जोर सारखाच येतोय की.


गरीवाली
रविवार, सकाळी ९:१५

मी बाणकोट खाडीत गरवते. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. लांबीआधी नॉब बघा.

ओल्या हातात, त्यावर माशाची बुळबुळ, त्यात कोळंबीचं आमिष हाताळलेलं. अशा वेळी छोटा चपटा प्लॅस्टिकचा नॉब बोटांतून निसटतो आणि आपल्याला वाटतं हँडल कमजोर आहे. खरं तर जोर कमी नसतो, पकड कमी असते. मूळ हँडल तसंच ठेवून फक्त नॉब बदलले तरी अर्ध्या लोकांचं काम होईल.

मला इव्हीएचे, म्हणजे दाट फोमचे, जरा लांबट नॉब सोयीचे पडतात. ओले झाले तरी पकड राहते, हलके असतात, पहाटेच्या गारठ्यात हाताला थंड लागत नाहीत. वाईट बाजू अशी की कोलंबीचा वास त्यात मुरतो, आणि गळाचं टोक लागून तुकडे निघतात. कॉर्कचं तसंच, तो आणखी लवकर झिजतो. अॅल्युमिनियमचे गोल नॉब दिसायला देखणे आणि वर्षानुवर्षं टिकणारे, पण बुळबुळीत हाताला मला ते नकोसे होतात. मोठ्या माशाला ज्यांना मूठ आवळून ओढायचं असतं त्यांच्यासाठी गोल मोठा नॉब, आणि ज्यांना अंगठा आणि दोन बोटांत धरायची सवय आहे त्यांच्यासाठी चपटा. आपण कसं धरतो ते एकदा आरशात किंवा कुणाला तरी फोटो काढायला सांगून बघा. बहुतेकांना स्वतःची पकड माहीतच नसते.

हात लहान असेल तर फार लांब हँडलने मनगट दुखतं. कोपर स्थिर ठेवून नुसत्या मनगटाने फिरवता आलं पाहिजे. कोपर आणि खांदा हलायला लागला की हँडल तुमच्यासाठी मोठं आहे असं समजा.


वाशिष्ठीकाठ
रविवार, सकाळी १०:००

ताईंच्या नॉबच्या मुद्द्याला +१. त्यात एक भर.

नॉबचीही मापं असतात. शिमानोच्या नॉबच्या दांडीला ए आणि बी असे प्रकार आहेत. बेटकास्टरवर आणि छोट्या स्पिनिंग रिळांवर बहुतेक ए. दाइवाचे एस आणि एल, त्यात बेटकास्टरवर एस. शिमानो ए आणि दाइवा एस एकमेकांच्या इतके जवळ आहेत की बाजारातले बरेच नॉब दोन्हींवर बसतात. बेअरिंगही एकच लागतं, बाहेरचा व्यास ७, आतला ४, जाडी २.५ मिमी. दांडीच्या लांबीत मात्र किंचित फरक असतो, तो पातळ शिम (चकती) घालून भरून काढायचा. शिम जास्त झाले तर नॉब जड फिरतो, कमी झाले तर खडखडतो. नॉब फिरवून सोडला की स्वतःहून एक-दोन फेऱ्या घेऊन थांबला पाहिजे आणि ओढून बघितला तर हलता कामा नये. तेवढं जमेपर्यंत शिम काढा-घाला.

काही रिळांवर मात्र नॉब रिव्हेट करून पक्के केलेले असतात. नॉबच्या टोकाला काढायची टोपी दिसली नाही तर समजायचं की नॉब सुटणार नाही, पूर्ण हँडलच बदलावं लागेल.

स्वस्त रिळांत नॉबमध्ये बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचा बुश असतो. तो काढून बेअरिंग घातलं की फरक लगेच कळतो. पण खाऱ्या पाण्यात तेच बेअरिंग गंजतंही लवकर, कारण नॉब सतत ओल्या हातात असतो. तेलाऐवजी पातळ ग्रीस भरा. थोडा वेग जाईल, बेअरिंग टिकेल.


खाडीवेडा
रविवार, दुपारी १:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं.

व्हर्नियर आणून मोजलं. दांडा ६.९ आणि ३.९ भरला, म्हणजे ७×४. नॉबला टोपी आहे, सुटतो. माझी पकड अंगठा आणि दोन बोटांची आहे हे बायकोने व्हिडिओ काढल्यावर कळलं.

टर्नरदादा, मित्राच्या गॅरेजजवळ एक लेथवाले काका आहेत. ते म्हणाले पाच मिमी जाडीच्या स्टेनलेस पट्टीतून हवं तसं हँडल कापून देतो, भोक कानशीने बसवून देतो. तो मार्ग कसा? बाहेरून मागवण्यापेक्षा आपल्याकडच्या कारागिराला काम दिलेलं मलाही आवडेल.


भोसरीचा_टर्नर
रविवार, दुपारी ३:२५

कारागिराला काम द्या, जरूर द्या, पण कानशीने भोक नको.

हँडलचा सगळा भार त्या दोन सपाट बाजूंवर येतो. कानशीने केलेल्या भोकात भिंती पूर्ण समांतर येत नाहीत. आज घट्ट वाटेल, पण भार फक्त दोन-तीन बिंदूंवर पडत राहील आणि काही आठवड्यांत खेळ सुरू होईल. आणि झिजणार कोण? स्टेनलेसची पट्टी नाही, आतला पितळी दांडा झिजणार. हँडल वाचेल आणि रीळ जाईल.

भोक वायरकटवर (विजेच्या ठिणगीने तारेने कापणाऱ्या मशीनवर) करून घ्या. भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत वायरकटचं मशीन सापडेल. ड्रॉइंगवर ७.० आणि ४.० लिहू नका. तुमचा दांडा ६.९ आणि ३.९ आहे, तर सपाट बाजूंमधलं अंतर ३.९३ ते ३.९५ सांगा. बोटाने दाबून बसलं पाहिजे, हातोडीने नाही आणि आपोआप तर नाहीच.

पाच मिमीचं स्टेनलेस फार जड होईल. अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट घनता आहे त्याची. अॅल्युमिनियमची ६०६१ किंवा ७०७५ जातीची प्लेट मिळाली तर चार मिमीत भागेल. ७०७५ जास्त ताकदवान, पण खाऱ्या हवेत ६०६१ बरी टिकते. एनोडायझिंग (गंज रोखणारा थर) करून घेतल्याशिवाय मात्र खाडीवर नेऊ नका.

पण मुख्य अडचण वेगळीच आहे. तयार हँडल सपाट नसतं. मधला भाग बाहेर असतो आणि टोकं आत, रिळाच्या बाजूला वळलेली. त्या वाकामुळे नॉब रिळाच्या अंगाजवळ येतो आणि ओढताना रीळ हातात डुगडुगत नाही. सपाट पट्टी कापून हा वाक येत नाही. ७०७५ ची प्लेट थंड वाकवायला गेलात तर तडकेल. पूर्ण हँडल ठोकळ्यातून मिल करून घ्यायचं तर खर्च तयार हँडलच्या पुढे जातो. म्हणून माझ्यासारखा माणूससुद्धा स्वतःच्या रिळाला तयार हँडलच वापरतो. काकांना नॉब वळायला द्या. लेथवरचं ते सुंदर काम आहे, डेल्रिनचा (कडक प्लॅस्टिकचा) किंवा सागाचा नॉब तुमच्या बोटांच्या मापाचा करून घ्या.


चोणक
रविवार, रात्री ८:५०

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे जिताड्याला चोणक म्हणतात, त्यावरूनच हे नाव घेतलं. झुआरीच्या खडकांवर आणि पुलांच्या खांबांपाशी बेटकास्टर वापरतो.

एका नॉबच्या पॉवर हँडलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जोर भरपूर, यात शंका नाही. पण बेटकास्टरवर एक धोका आहे. कास्ट करताना बटण दाबलं की स्पूल मोकळा होतो आणि हँडल जागेवर थांबतं. अँटी-रिव्हर्समुळे ते मागे फिरू शकत नाही, पण पुढे फिरू शकतं. एकीकडे जड नॉब आणि दुसरीकडे काहीच नाही, अशा हँडलला जोरात फेकताना झटका बसला की ते थोडं पुढे सरकतं, आणि तेवढ्यानेही क्लच परत लागू शकतो, म्हणजे स्पूल पुन्हा हँडलला जोडला जातो. स्पूल हवेतच अडकला की एक तर पक्ष्याचं घरटं (दोरीचा गुंता), नाही तर ब्रेड तुटून महागाचं ल्युअर समोरच्या काठावर. खोल पाण्यात सरळ खाली सोडून जिगिंग करणाऱ्यांना ही अडचण येत नाही, त्यांनी सिंगल घ्यावं. सतत कास्ट करणाऱ्याने डबलच घ्यावं, किंवा सिंगल घ्यायचंच असेल तर मागे वजन लावून तोललेलं.

आणखी एक मनापासून सांगायचं आहे. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे आपल्याला लागणारे मोठे मासे बहुतेक माद्या, अंडी घालणाऱ्या. दमदार हँडलचा मला वाटणारा सगळ्यात मोठा उपयोग हा की मासा लवकर जवळ येतो, दमून निपचित होत नाही, आणि परत सोडला तर जगतो. मोठी मादी सोडून द्या. खाडीत पुढची पिढी तिच्यामुळेच येणार आहे.


गरीवाली
रविवार, रात्री ९:३०

चोणक, अगदी. आमच्या गावात आता लोक मोठा जिताडा फोटो काढून सोडायला लागलेत. आधी कुणी ऐकून घेत नव्हतं.


मस्कतकर
सोमवार, सकाळी ६:५०

मूळचा दापोलीचा, सध्या मस्कतला. इथे होडीवरून सुरमईसाठी गोल बेटकास्टर वापरतो. जुनं स्वीडनच्या स्वँग्स्टा गावात बनलेलं आबूचं अँबॅसडर आहे. तुमच्या लो-प्रोफाईलला ते सगळं लागू नाही, पण मिठाबद्दल लिहितो, कारण ओमानच्या समुद्राने ते चांगलं शिकवलंय.

कार्बनचं हँडल हलकं असतं म्हणून लोक भाळतात. कार्बन, अॅल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. कार्बनच्या पट्टीत मध्ये अॅल्युमिनियमचा तुकडा बसवलेला असतो, त्या सांध्यात पांढरी पूड दिसायला लागली की खाणं सुरू झालं. गोड्या पाण्यात चालेल. खाडीला मी अॅल्युमिनियम, एनोडाइज केलेलं, एवढंच सांगेन.

अॅल्युमिनियमच्या हँडलवर स्टेनलेसचा नट आणि स्क्रू असतातच, तिथेही तोच प्रकार हळू घडतो. म्हणून बसवताना भोकात, नटाखाली आणि त्या बारीक स्क्रूच्या आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्या. न लावता बसवलेलं हँडल वर्षभराने काढायला गेलं की स्क्रूचं डोकं मोडतं. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार, बादलीत बुडवणं नको, आणि पुसून झाल्यावर ड्रॅग परत ढिला.


मरळप्रेमी
सोमवार, सकाळी ८:१५

एक शंका. लांब हँडलने आतल्या गिअरवर ताण वाढतो का? एकाने मला सांगितलं होतं की मोठं हँडल लावलं की दात मोडतात.


भोसरीचा_टर्नर
सोमवार, रात्री ९:४०

ताण वाढू शकतो, पण हँडलमुळे आपोआप वाढत नाही. दातांवर किती भार येईल हे दोरीवरच्या ओढीने ठरतं, आणि दोरीवरची ओढ तुमच्या ड्रॅगने बांधलेली असते. ड्रॅग तीन किलोवर लावला असेल तर हँडल ९० चं असो की १२० चं, तीन किलोच्या वर दोरी सुटायला लागणार.

फरक सवयीत पडतो. लहान हँडलवर हाताला कळतं की आता जोर पुरत नाही, मग माणूस रॉड वर उचलतो आणि खाली आणताना गुंडाळतो. तीच बरोबर पद्धत आहे. लांब हँडल लावलं की रॉड स्थिर ठेवून नुसतं गुंडाळायची सवय लागते. मासा ड्रॅग ओढत असताना हँडल फिरवत राहणं तर सगळ्यात वाईट, त्याने ड्रॅगचे वॉशर तापतात आणि ब्रेडला पीळ नाही पडला तरी गिअर विनाकारण झिजतात. पितळी मुख्य गिअर असेल तर बराच सहन करतो. हलक्या रिळांत तो अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, त्याला जपावं. अशा हलक्या रिळावर १०५ च्या पुढे जाऊ नये असं माझं मत आहे.


खाडीवेडा
शुक्रवार, रात्री ८:२०

सगळं वाचून ठरवलं आणि मागवलंही. १०० मिमी, ७×४, उजव्या हाताचं, एनोडाइज केलेलं अॅल्युमिनियम, आत वाक असलेलं. नॉब लांबट इव्हीएचे. लेथवाल्या काकांना सागाच्या नॉबची एक जोडी करायला सांगितली आहे, त्यांनाही काम आवडलं, आत घालायचं बेअरिंग हातात घेऊन बराच वेळ बघत बसले होते.

आज हँडल आलं. भोक छान बसलं, अजिबात खेळ नाही. एकच अडचण आहे. नट पूर्ण आवळला की हँडलची पट्टी आणि स्टार ड्रॅगची पाकळी यांत जेमतेम अर्धा मिमी जागा राहते. घासत नाही, पण स्टार पूर्ण सैल केला की तो बाहेर सरकतो आणि तेव्हा लागतं. चालेल का, की परत पाठवू?


वाशिष्ठीकाठ
शुक्रवार, रात्री ८:५५

परत पाठवायची गरज नाही. नव्या हँडलचा वाक मूळच्यापेक्षा जास्त आहे, म्हणून पट्टी आत आली आहे. दोन गोष्टी बघा.

स्टार किती सैल केल्यावर लागतं? तुम्ही मासेमारीत जेवढा ड्रॅग ठेवता त्याच्या आसपास दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी फेरी मोकळी मिळत असेल तर वापरायला हरकत नाही. पण घरी ठेवताना ड्रॅग ढिला करायचा असतो, तेव्हा घासून एनोडायझिंग जाईल. म्हणून वॉशर टाकलेला बरा. हँडलच्या खाली दांड्यावर बसणारा, आतून त्याच ७×४ आकाराचा किंवा दांड्याच्या गोल भागापेक्षा किंचित मोठ्या गोल भोकाचा, अर्धा मिमी जाडीचा स्टेनलेस वॉशर. एकच टाका.

वॉशर टाकल्यावर नट किती आटे धरतो ते मोजा. निदान तीन पूर्ण आटे पकडले पाहिजेत, आणि वरची टोपी नटावर बसून तिचा स्क्रू लागला पाहिजे. टोपी बसत नसेल तर वॉशर पातळ करा. टोपीशिवाय कधीही वापरू नका. तीच नटाला सुटू देत नाही.

आणि नॉबच्या मागची बाजूही बघा. काही हँडलवर नॉबची दांडी पट्टीच्या मागे थोडी बाहेर आलेली असते. पट्टी मोकळी फिरते पण ते टोक पाकळीला लागतं. प्रत्येक पाकळी आणि दोन्ही नॉब, सगळी जोडी फिरवून तपासा.


भोसरीचा_टर्नर
शुक्रवार, रात्री ९:३०

वॉशर बाजारात त्या मापाचा मिळाला नाही तर ०.५ ची शिम पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. काकांना सांगा, पंच करून देतील. कडांची धार मात्र कानशीने मारून घ्या. इथे कानस चालेल.


खाडीवेडा
शनिवार, दुपारी ४:१०

काकांनी शिम करून दिला. आता स्टार पूर्ण सैल केला तरी बोटाच्या नखाएवढी जागा राहते, नट साडेतीन आटे धरतोय, टोपी आणि स्क्रू बसले. ग्रीसही लावलं. परवा उधाणाची भरती आहे, पहाटे निघतोय.

मस्कतकर, स्क्रूच्या आट्यांना मरीन ग्रीस लावलं आहे, पण आट्यांवर आधी निळा थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) दिसत होता. तोही परत लावायचा का?


मस्कतकर
शनिवार, संध्याकाळी ६:३०

नाही. ग्रीस लावलेल्या आट्यांवर थ्रेडलॉक धरत नाही, दोन्हींतलं एकच ठेवा. नटाला टोपी आहे आणि टोपीला स्क्रू आहे, तेवढं पुरेसं आहे. दर वेळी घरी आल्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून बघा, हलला तर चिमूटभर आवळा. मोठी लागली तर इथे फोटो टाका, सोडायच्या आधीचा.